लिफ्टवाल्या बाईंची मुलाखत

त्या इमारतीला मजले नऊ होते आणि लिफ्ट एकच. तीही जुनी, जाळीच्या दोन दारांची. दोन्ही दारं हातानं ओढून नीट लावल्याशिवाय ती जागची हलायची नाही. म्हणून लिफ्टवर माणूस लागायचा, आणि गेली एकोणीस वर्षं तो माणूस म्हणजे एक बाई होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. सगळे म्हणायचे, लिफ्टवाल्या बाई.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बाईंनी जितके उमेदवार पाहिले होते, तितके कुठल्या साहेबानंही पाहिले नसतील. इमारतीत सगळी कार्यालयंच, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर मुलाखती असायच्या. नुकती पदवी घेतलेली पोरं-पोरी छातीशी फाईल धरून आत शिरायची आणि तळमजल्यापासून वर जाईपर्यंत बाईंना त्यांचं सगळं कळायचं. याची बोटं बाहीत बुडालीत, म्हणजे कोट थोरल्या भावाचा. ही पाय घासत चालतेय, म्हणजे बूट आजच खोक्यातून निघालेत. एकीच्या तर कॉलरमागे दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. बाईंनी लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबवली, खिशातली छोटी कात्री काढली आणि म्हणाल्या, "मान खाली घाल गं जरा. साहेबांना तू हवी आहेस, शर्टाची किंमत नको."

त्यांचे काही ठाम नियम होते आणि कुणी विचारलं नाही तरी त्या ते सांगायच्या. कोरा करकरीत कपडा घालू नये, एकदा तरी धुवावा, नाहीतर दर मिनिटाला तो आपली आठवण करून देत राहतो. खिशाला पेन एकच लावावं, दोन लावली की माणूस दुकानदार दिसतो. बुटांचा आवाज आपल्या आधी खोलीत शिरता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की आपण बाहेर पडल्यावर आत बसलेल्यांना आपलं बोलणं आठवावं, कपडे आठवू नयेत.

बाईंचे यजमान एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकदा कुठल्याशा अहवालातली एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायला त्यांनी चालू यंत्र थांबवलं होतं, तेव्हापासून छापखान्यानं त्यांचं नाव वेलांटीराव ठेवलं आणि ते त्यांना कायमचं चिकटलं. पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी पानाच्या कडा गेल्या, मग ओळी गेल्या, मग पानच गेलं. पन्नाशीच्या आत माणूस घरी बसला. दोन खोल्या, मूलबाळ नाही, दिवसभर खिडकीपाशी खुर्ची. आणि ज्या माणसानं आयुष्यभर अक्षरांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, त्याला अक्षरांची भूक लागायची.

"वाचून दाखवशील का गं काही?" त्यांनी विचारलं होतं.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाई रोज संध्याकाळी अडखळत वर्तमानपत्र वाचू लागल्या. अडखळल्या की वेलांटीराव शब्द सुधारायचे. वर्षभरानं ते म्हणाले, "एवढा घसा कोरडा करतेच आहेस, तर परीक्षेला बसता येईल असं काहीतरी वाच. मलाही त्याच त्या बातम्या ऐकून वीट आलाय."

असं बाहेरून बी.ए.चं खूळ घरात शिरलं. पुस्तकं बाई वाचायच्या, वेलांटीराव ऐकायचे, मग तेच प्रश्न विचारायचे. उत्तर चुकलं की खुर्चीच्या हातावर टिचकी मारायचे. दोनदा इतिहासात गटांगळ्या खाऊन सात वर्षांनी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई पदवीधर झाल्या. निकाल ऐकल्यावर वेलांटीराव किती तरी वेळ नुसते हसत बसले. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं लोकांना वर नेलंस. आता तू जा."

योगायोग असा, की त्याच महिन्यात सातव्या मजल्यावरच्या विमा कंपनीला आवक-जावक बघायला कारकून हवा होता. पदवी हवी, अक्षर बरं हवं, वयाची अट नाही. बाईंनी अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्रही आलं.

आणि मग इतरांना एकोणीस वर्षं सल्ले देणाऱ्या बाई स्वतःच्या कपाटासमोर गप्प उभ्या राहिल्या. इमारतीतल्या कुणीही त्यांना गणवेशाशिवाय पाहिलंच नव्हतं. गडद निळा शर्ट, काळी पँट आणि खिशावर पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं 'लिफ्ट'. यापलीकडे आपण कशा दिसतो, हे त्यांना स्वतःलाही नीट माहीत नव्हतं.

शेवटी सायीच्या रंगाचा शर्ट, काळी पँट आणि एक कोट असं ठरलं. नवे बूटही आले, बुटक्या टाचेचे. सगळं अंगावर चढवून त्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि वेलांटीरावांनी ते कपडे हातानं तपासले, मुद्रित तपासावं तसे.

"रंग?"

"करडा."

"करड्यात शंभर करडे असतात."

"पेन्सिलीच्या शिशासारखा."

"छान. डाव्या खांद्याची शिवण किंचित पुढे आली आहे. उसवून परत घाल." मग त्यांनी कॉलरवरून दोन्ही अंगठे फिरवले. "कॉलर मात्र एकदम शुद्ध."

मुलाखतीच्या दिवशी बाईंनी रजा टाकली. लिफ्टवर दारावरच्या पहारेकऱ्याला बसवलं होतं. तो दारांशी झटापट करत होता आणि बाई एकोणीस वर्षांत पहिल्यांदा प्रवाशांच्या जागी, पाठ भिंतीला टेकवून उभ्या होत्या. दार असं नव्हे, असं ओढ, हे ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

सातव्या मजल्यावरच्या स्वागतिकेनं मान वर केली आणि ती चटकन उठून उभी राहिली. "या ना मॅडम. बसा. पाणी घेणार?"

बाईंना वाटलं मागे कुणी आहे. कुणी नव्हतं. ही मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या हाताखालून वर-खाली व्हायची. बाई बसल्या, पाणी प्यायल्या, आणि आपण पोरांना सांगत आलो ते सगळं खरं होतं, असं त्यांना वाटलं.

आत तिघं होते. मध्ये विभागप्रमुख, डाव्या हाताला एक चष्म्याच्या बाई, उजव्या हाताला टिपणं घेणारा एक जण. विभागप्रमुखांना बाई चौदा वर्षं ओळखत होत्या. त्यांच्या चहाची वेळ, त्यांचा दुखरा गुडघा, फोनवर मुलीशी बोलताना मऊ होणारा आवाज, सगळं त्यांना ठाऊक होतं. साहेबांनी मात्र त्यांना ओळखलं नाही. "बसा," म्हणाले आणि विचारू लागले. एखादं पत्र चुकीच्या विभागात गेलं तर काय कराल? एकाच दिवशी दोन तातडीची पत्रं आली तर आधी कोणतं? बाईंनी उत्तरं दिली. शांतपणे, एकही शब्द न अडखळता. चष्म्याच्या बाईंनी मान डोलावली. टिपणं घेणाऱ्यानं काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पाच मिनिटं. पुढे कितीदा तरी बाईंनी ती मोजून पाहिली, पाचच होती.

मग साहेबांनी अर्ज जवळ ओढला. "सध्याची नोकरी..." ते थांबले, वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा ओळखीनं एकदम फुलला.

"अरेच्चा! आपल्या लिफ्टवाल्या बाई! अहो, या कपड्यांत ओळखूच आला नाहीत!"

सगळे हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं. कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. बाईही हसल्या.

"पण मग," साहेबांनी विचारलं, "आज लिफ्टवर कोण आहे?"

"पहारेकरी आहेत, साहेब."

"त्याला जमतं? मघाशी म्हणूनच एवढा धक्का बसला वाटतं."

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "खरं सांगू का, तुमच्यासारखी लिफ्ट कुणी चालवत नाही. आणि हो, ती चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकते ती का हो?"

बाईंनी सांगितलं. दाराच्या खिट्टीत धूळ बसते, तेल घालावं लागतं. पुढची सगळी मुलाखत त्यावरच झाली. "कळवतो," असं म्हणून साहेब त्यांना दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "उद्या येताय ना कामावर?"

बाहेर स्वागतिकेनं त्यांना आता नीट बघितलं. "अगंबाई, तुम्ही होय! मी आपली मॅडम-मॅडम करतेय." ती बसल्या जागेवरूनच बोलली.

बाई जिन्यानं उतरल्या.

घरी वेलांटीराव खिडकीपाशी कान देऊन बसले होते. एरवी बाईंचे जुने सपाट बूट जिन्यात फरफटत यायचे. आज नव्या टाचा पायरीपायरीला टक् टक् वाजत होत्या. बाईंनी दार उघडलं तर ते खुर्चीतून अर्धे उठलेले, हात पुढे केलेले, चेहरा भिंतीकडे आणि त्यावर असा आनंद, की बाईंना तो बघवेना.

"पावलांवरूनच कळलं मला!" ते म्हणाले. "मिळाली ना?"

खरं सांगायला फक्त दोन अक्षरं लागली असती. बाईंनी तोंडही उघडलं होतं.

"मिळाली," त्या म्हणाल्या.

आपण असं का म्हणालो, हे त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही. एक दिवस आनंदात जाऊ दे, उद्या सांगू, एवढंच मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेलांटीराव त्यांच्या आधी उठले होते. "ये इकडे," म्हणाले आणि कोटाची कॉलर दोन्ही अंगठ्यांनी सारखी केली. "जा आता, कारकूनबाई." बाई कोट घालून निघाल्या, इमारतीच्या तळघरात मीटरच्या खोलीत गेल्या, कोट खिळ्याला अडकवला आणि गणवेश चढवला. आठवड्यानं विमा कंपनीचं नकाराचं पत्र आलं. ते स्वागतिकेनंच लिफ्टमध्ये त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते चार घड्या घालून खिशात कोंबलं आणि तिला तळमजल्यावर सोडलं.

असे साडेचार महिने गेले. आणि सगळ्यात वाईट हे, की त्यांच्या संसारातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते. संध्याकाळी वेलांटीराव विचारायचे, "आज टपालात काय होतं?" आणि बाईंना काही कमी पडायचं नाही, कारण सातव्या मजल्याची सगळी भांडणं, बदल्या आणि रुसवेफुगवे लिफ्टमधूनच खाली यायचे. त्यांनी एक आळशी शिपाई रचला, एक हरवलेलं पत्र रचलं. साहेबांनी मसुदा लिहायला सांगितलाय, असंही सांगितलं. मग वेलांटीराव डोळे मिटून तो मसुदा सुधारत बसायचे. "'सदर' दोनदा आलंय. एक काढ. वाचणाऱ्याला ठेच लागते." बाई खरोखर लिहून घ्यायच्या. त्यांची दाढी आता रोज होऊ लागली होती. जेवण वाढलं होतं.

रोज बाई ठरवायच्या, की या रविवारी सांगायचं.

एका बुधवारी बाई चष्मा घरी विसरल्या. लिफ्टवर तो लागत नसे, म्हणून त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पण दहाच्या सुमाराला वेलांटीरावांच्या हाताला टेबलावर चष्म्याची डबी लागली आणि ते अस्वस्थ झाले. चष्म्याशिवाय ही फायली वाचणार कशा? खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचे, त्यांना ते पोस्टमनकाका म्हणत. काकांना दातांच्या डॉक्टरकडे त्याच बाजूला जायचं होतं. त्यांनी वेलांटीरावांना इमारतीच्या दारापर्यंत आणलं, पहारेकऱ्याच्या हाती सोपवलं आणि अर्ध्या तासात परत येतो म्हणून सांगितलं. पहारेकरी नेमका नवा होता. त्यानं म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून लिफ्टमध्ये उभं केलं.

"सातवा मजला, बरं का," वेलांटीराव म्हणाले.

स्टुलावर बाई होत्या.

आत आणखी तिघं होते. बाईंनी दारं ओढली. रोज त्या प्रत्येक मजल्याचा आकडा मोठ्यानं सांगायच्या. आज तिसरा आला, एक जण उतरला, त्या गप्प. पाचवा आला, दोघं उतरले, गप्पच. वेलांटीराव दोन्ही हातांत डबी धरून उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांगावर पाणी मारलं होतं. बायकोच्या कचेरीत जायचं म्हणून ते तयार होऊन आले होते. पाचव्यावरून निघताना लिफ्टमध्ये दोघंच उरली, तेव्हा समोरच्या परक्या माणसाला आपलं माणूस सांगावं तसं ते हसून म्हणाले, "आमच्या सौ. इथे कारकून आहेत. आवक-जावक बघतात."

सातवा आला. बाईंनी दारं उघडली. वेलांटीराव हलले नाहीत. कुणी सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

"सातवा आला का हो?"

उत्तर नाही.

"अहो, सातवा आला का?"

"आला," बाई म्हणाल्या.

वेलांटीराव जिथे होते तिथेच राहिले. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, विसरून गेल्यासारखं. मग त्यांनी हात पुढे केला. तो बाईंच्या खांद्याला लागला, तिथून जाड्याभरड्या कापडावरून खाली आला आणि खिशापाशी थांबला. पिवळ्या दोऱ्याच्या अक्षरांवरून त्यांचं बोट एकदा फिरलं. तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, त्याला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

तोवर खालून घंटा वाजायला लागली होती. दुसऱ्यावरून, तळमजल्यावरून, मग नवव्यावरून. बाईंना दारं लावावीच लागली. वेलांटीराव उतरले नाहीत. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. माणसं आली, गेली, विभागप्रमुखही येऊन "काय बाई, ठीक?" म्हणून गेले. चार वेळा लिफ्ट वर गेली, चार वेळा खाली आली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, की कोपऱ्यातले गृहस्थ कुठेच उतरत नाहीत. पाचव्यांदा तळमजला आला तेव्हा ते म्हणाले, "मला इथे उतरवता का?" बाईंनी हात धरून उतरवलं. त्यांनी डबी बाईंच्या हातात ठेवली आणि पोस्टमनकाका आले त्या आवाजाच्या दिशेनं निघून गेले.

संध्याकाळी बाई गणवेशातच घरी आल्या. वेलांटीराव नेहमीच्या खुर्चीत होते.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. मिळालीच नव्हती."

"मग तो शिपाई?"

"नव्हता."

"आणि ते मसुदे?"

बाईंना रडू फुटलं. "तुमच्यासाठीच हो. तुम्ही इतके खूश होतात..."

 वेलांटीराव बोलले ते रागानं नाही. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"नोकरी नाही मिळाली तर नाही मिळाली. मी काय तुला टाकून बोललो असतो? पण रोज सकाळी मी तुझी कॉलर नीट करायचो, तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत असशील." ते थांबले. "इतकी वर्षं मला नुसतं दिसत नव्हतं. आंधळा मी आज झालो."

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. जेवणं वेळेवर झाली. वेलांटीराव 'पाणी देतेस का' म्हणायचे, पाणी दिलं की 'बरं झालं' म्हणायचे. बाई संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसल्या की म्हणायचे, "दमली असशील, राहू दे." सकाळी अकराला पोस्टमनकाका वर यायचे आणि घोगऱ्या आवाजात, विरामचिन्हांना फाटा देऊन त्यांना बातम्या वाचून दाखवायचे. सुट्टीच्या दिवशी बाई स्वयंपाकघरातून ते ऐकायच्या. काका कितीही चुकले तरी वेलांटीराव आता कुणाचं काही सुधारत नसत.

बाईंनी अर्ज करणं सोडलं नाही. एका शाळेच्या कार्यालयात गेल्या, नाही झालं. "नाही झालं," असं त्यांनी घरी येऊन सरळ सांगितलं. "बरं," वेलांटीराव म्हणाले. त्या 'बरं'मध्ये बाईंना ऐकू आलं, की हेसुद्धा ते तपासून बघत आहेत आणि तपासायला त्यांच्याकडे काही नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेल्या, तिथेही तेच. तोच करडा कोट, तेच बूट.

सव्वा वर्षानं एका दवाखान्याला नोंदणीच्या खिडकीवर माणूस हवा होता. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घाई होती. त्यांनी अक्षर बघितलं, एक तक्रारीचं पत्र वाचायला दिलं, त्याचं उत्तर चार ओळींत लिहून घेतलं. उत्तर वाचून त्या म्हणाल्या, "एकही शब्द जास्तीचा नाही. कुणाकडे शिकलात?"

बाई म्हणाल्या, "घरी."

नेमणुकीचं पत्र तिथल्या तिथे मिळालं. घरी येईपर्यंत बाईंनी ते तीनदा वाचलं. जिना चढताना मात्र त्यांनी पाय हळू टाकले, आवाज होऊ नये म्हणून.

"मला नोकरी मिळाली," त्या दारातूनच म्हणाल्या. "दवाखान्यात. सोमवारपासून."

वेलांटीरावांनी मान वळवली. "अरे वा," ते म्हणाले. "छान झालं." लहान मुलानं काहीतरी सांगावं आणि मोठ्यानं ऐकून घ्यावं, तसं म्हणाले.

बाईंनी पत्र त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं. कडा बघितल्या, घडी बघितली. कागद चांगला होता, पण कागदाला काय, तो कशाचाही असू शकतो. ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि बाईंना दिसलं. बाईंना ते दिसलंय हे वेलांटीरावांनाही कळलं असावं, कारण ते कानकोंडे झाले.

"पोस्टमनकाका आहेत का घरी?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, त्यांनाही कळू दे. आनंद होईल त्यांना."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि काकांना बोलवायला स्वतःच खाली गेल्या.

काका आले, खुर्ची ओढून बसले आणि वाचू लागले. "आपली दवाखान्याच्या नोंदणी विभागात कारकून या पदावर नेमणूक करण्यात येत आहे..." बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. स्वतःच्या घरात, अंगावरचा कोट न काढता, पुढचं बोलावणं यायचंय अशा. वेलांटीराव मान किंचित तिरकी करून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले.

"खाली सही आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"शिक्का?"

"शिक्काही आहे. जांभळा. अहो, मिळाली हो वहिनींना नोकरी!"

वेलांटीरावांचे ओठ हलले, डोळ्यांतून पाणी गालावर आलं. बाईंचा आवाज शेवटचा जिथून आला होता, त्या दाराकडे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाई आता तिथे नव्हत्या, भिंतीपाशी होत्या. त्यांना तीनच पावलं टाकायची होती. त्यांनी ती टाकली, पण मधल्या क्षणात ते रिकामे हात हवेत चाचपडताना त्यांनी बघितले होते.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "काका, साखर चालते ना तुम्हाला?"